जुन्या जिप्सीची पेट्रोलची टाकी घरी बदलणे : अनुभव, शंका आणि सूचना

सागरगंध
माझ्याकडे १९९५ सालची, ९७० सीसी इंजिनाची, कार्ब्युरेटर असलेली मारुती जिप्सी आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि तेव्हापासून ती गुहागर तालुक्यातच, समुद्रापासून जेमतेम दोन किलोमीटरवर उभी असते. गणपतीच्या सुमारास मागच्या बाजूला पेट्रोलचा वास येऊ लागला. खाली वाकून पाहिले तर टाकीच्या संरक्षक गार्डच्या भोकातून थेंब पडत होते. तात्पुरता उपाय म्हणून कपड्याचा साबण ओला करून हाताला लागेल तेवढ्या भागावर दाबून घासला. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे आठवडाभर थेंब थांबले, पण वास काही गेला नाही.

दोन वर्षांपूर्वी याच टाकीला एका ठिकाणी ब्रेझिंग (पितळ वितळवून झाळणे) करून घेतले होते. आताची गळती त्या जोडापासून दोन बोटांवर आहे. त्यामुळे या वेळी नवी टाकी बसवावी आणि हे काम घरच्या अंगणात स्वतः करावे, असा विचार आहे. ब्रेक, क्लच प्लेट, रेडिएटर ही कामे मी यापूर्वी घरी केली आहेत. पेट्रोलच्या टाकीला मात्र कधी हात लावलेला नाही. टाकी ४० लिटरची असून सध्या तिच्यात अंदाजे आठ लिटर पेट्रोल असावे. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी क्रम, अवजारे आणि धोके यांविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त पानेवाला
आपण पुन्हा ब्रेझिंग न करण्याचे ठरवलेत, हे योग्य झाले. जिप्सीची टाकी आतून कमी आणि बाहेरून जास्त सडते. टाकी आणि गार्ड यांच्यामध्ये चिखल, वाळू व पालापाचोळा साठतो, तो पावसाळाभर ओला राहतो आणि आपल्याकडे त्यात खारी हवा मिसळते. एका ठिकाणी भोक पडते तेव्हा भोवतालचा हातभर पत्रा कागदासारखा झालेला असतो. त्यावर डाक दिला की उष्णतेने शेजारचा पत्रा आणखी कमजोर होतो. आपल्या टाकीचे नेमके तेच झाले आहे.

एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षे काढल्यानंतर एक गोष्ट ठामपणे सांगतो : भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने पेट घेते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की तिला जळायला पुरेशी हवाच मिळत नाही. उलट, ‘रिकामी केली, दोन दिवस उन्हात ठेवली, आता काही नाही’ असे म्हणतात त्या टाकीत नेमके पेटण्याजोगे मिश्रण तयार झालेले असते. पत्र्याच्या सांध्यांत आणि गंजाच्या पापुद्र्यांत मुरलेले पेट्रोल उष्णता लागताच पुन्हा वाफ होऊन बाहेर येते.

दुसरे असे की ही वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. ती वर उडून जात नाही, तर पाण्यासारखी जमिनीवरून उताराकडे सरकते. अंगणात काम करणार असाल तर तुळशीपुढचा दिवा, पडवीतली डासांची अगरबत्ती, न्हाणीघराचा बंब आणि गॅस गिझर त्या दिवशी काम पूर्ण संपेपर्यंत बंद ठेवा. सकाळी लवकर सुरुवात करा, म्हणजे दिवेलागणीपर्यंत काम ओढले जाणार नाही.

उद्यमनगरचा
काकांचा अनुभव मोठा आहे, तरीही थोडा मतभेद नोंदवतो. कोल्हापुरात उद्यमनगरमध्ये टाकी पाण्याने भरून, फक्त जोडाचा भाग कोरडा ठेवून ब्रेझिंग करणारे कारागीर मी लहानपणापासून पाहत आलो आहे. जिथे नवी टाकी मिळतच नाही, उदाहरणार्थ जुन्या फियाट किंवा विलीज जीपसाठी, तिथे दुसरा मार्ग काय आहे? सरसकट सगळ्यांना ‘करू नका’ म्हणणे मला पटत नाही.

निवृत्त पानेवाला
आपण म्हणता ते कारागीर मीही पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. माझा आक्षेप घरी झाळकाम करण्याला आहे, जाणकाराच्या हाताला नाही. शिवाय दगड लागून पडलेले एखादे भोक आणि गंजाने पडलेले भोक यांत फरक करावा लागतो. पहिल्यात भोवतालचा पत्रा शाबूत असतो, दुसऱ्यात नसतो. विलीजची टाकी असेल तर गंजलेला तळ पूर्ण कापून नवा पत्रा लावणारा माणूस शोधावा. जिप्सीची नवी टाकी बाजारात मिळत असताना तो खटाटोप कशासाठी?

रानजाई
टाकी मागवण्यापूर्वी एक खात्री अवश्य करून घ्यावी. माझी जिप्सी २००४ ची, म्हणजे एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाची आहे. तिच्यात विजेवर चालणारा पंप टाकीच्या आत असतो. आपल्या ९७० सीसीच्या गाडीत पंप इंजिनावर असतो आणि टाकीत फक्त नळ्या व फ्लोट (पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा तरंगता भाग) असतो. त्यामुळे दोन्ही टाक्यांच्या वरच्या बाजूची तोंडे वेगळी असतात. दुकानदाराला नुसते ‘जिप्सीची टाकी’ सांगितल्यामुळे माझ्याकडे कार्ब्युरेटरच्या गाडीची टाकी आली आणि ती परत करण्यात पंधरा दिवस गेले. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्वतः जाणार असाल तर जुन्या टाकीची वरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेली छायाचित्रे सोबत ठेवा. मात्र त्यासाठी टाकी आधी उतरवावी लागेल, म्हणजे गाडी काही दिवस जागेवर उभी राहील, याचीही तयारी ठेवा.

भंगारातली जुनी टाकी घेऊ नये, असे माझे मत आहे. बाहेरून काळा रंग मारलेला असतो आणि आतला गंज विजेरी लावल्याशिवाय दिसत नाही.

एमपीएफआय गाडी असलेल्यांसाठी एक जोड : नळी सोडवण्यापूर्वी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. तसे न केल्यास नळीत दाबाखाली असलेले पेट्रोल थेट तोंडावर उडते. ही काळजी मी घेतली नव्हती, केवळ चष्म्यामुळे डोळे वाचले.

मांडवीकाठ
टाकीइतकेच महत्त्व रबराच्या नळ्यांना द्यावे. १९९५ च्या गाडीच्या नळ्या आजच्या पेट्रोलसाठी बनवलेल्याच नाहीत. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता सगळीकडे तेच मिळते. इथेनॉलने जुने रबर आधी फुगते, मऊ होते आणि मग त्याला चिरा पडतात. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी वाकवून पाहा. वळणावर बारीक भेगा दिसतील. इंधनाच्या नळीवर तिचा दर्जा छापलेला असतो. त्यात ‘आर ९’ असे लिहिलेली नळी घ्यावी. ती महाग असते, परंतु जिप्सीला ती फार लागतही नाही. साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी कोणीही वापरू नये. ती काही महिन्यांत पिवळी आणि कडक होते आणि क्लिपखालून निसटते.

इथेनॉलचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. ते हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी ठराविक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते आणि टाकीचा तळ आतून गंजू लागतो. गोव्यात आणि कोकणात जी गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहते तिची टाकी अर्धी रिकामी ठेवू नये. टाकीत जितकी हवा कमी, तितका ओलावा कमी.

तिसरा मजला
मी ठाण्यात राहतो आणि माझ्याकडे जुनी मारुती ८०० आहे. आमच्या इमारतीच्या तळघरातील वाहनतळात रविवारी हे काम करता येईल का?

निवृत्त पानेवाला
नाही. जड वाफ तळघरातून बाहेर जाणार कुठे? तिथे पाण्याचा पंप आपोआप चालू होतो, त्याच्या स्विचची ठिणगी पुरेशी आहे. आपल्यासोबत वरचे सगळे मजले धोक्यात येतील. मोकळ्या जागेत काम करणारा मेकॅनिक गाठावा.

सागरगंध
सर्वांचे मनापासून आभार. काम पूर्ण होऊन तीन आठवडे झाले आहेत. जे केले ते क्रमाने लिहितो, चुकांसह.

कामाच्या दोन दिवस आधी टाकीच्या आणि गार्डच्या सर्व बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले आणि सकाळ-संध्याकाळ पुन्हा मारत राहिलो. सहसा गंजलेला बोल्ट मी ज्योतीने तापवून सोडवतो. इथे तो विचारही करता येत नाही, म्हणून धीर धरणे एवढाच उपाय होता. तरीही गार्डचा एक बोल्ट तुटलाच. तो करवतीच्या पात्याने हाताने कापला. ग्राइंडर त्या दिवशी घराबाहेर काढलाच नाही.

सकाळी सात वाजता गाडी अंगणाच्या सर्वांत मोकळ्या, वाऱ्याच्या बाजूला घेतली. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचरी लावल्या, मागची बाजू जॅकने उचलून चासीखाली स्टँड दिले आणि गाडी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. बॅटरीची ऋण तार सर्वांत आधी सोडवली. कोरड्या भुकटीचा अग्निशामक आणि वाळूच्या दोन बादल्या हाताशी ठेवल्या. पाण्याची बादली मुद्दाम ठेवली नाही, कारण पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने पाण्यावर तरंगते आणि आग विझण्याऐवजी पसरते. अंगात सुती कपडे होते आणि उजेडासाठी डोक्याला बांधायची एलईडी विजेरी होती. पिवळा बल्ब वापरणाऱ्यांना सांगतो : तापलेल्या बल्बवर पेट्रोलचा थेंब पडला की काच फुटते, आणि आत लालबुंद तार असते.

टाकीच्या तळाला पेट्रोल काढून टाकण्याचा बोल्ट असतो आणि गार्डला तिथे भोक असते. बोल्ट सोडवण्यापूर्वी झाकण असलेला पत्र्याचा डबा खाली ठेवला आणि डबा व चासी यांना एका तारेने जोडले. वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर विद्युतभार साठतो, तो या तारेने दोन्हीकडे समान राहतो. नरसाळेही पत्र्याचेच घेतले. आठ लिटरचा माझा अंदाज चुकला. साडेअकरा लिटर निघाले. काटा खोटे सांगत होता, याचा उलगडा पुढे झाला. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची पद्धत आमच्याकडेही सर्रास आहे, पण एक घोट फुप्फुसात गेला तर माणूस रुग्णालयात जातो.

मग गार्ड उतरवला. त्याच्या आत दोन घमेली माती निघाली, आणि त्या मातीत एक गवताचा कोंब उगवलेला होता. टाकीचा तळ कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो, हे बोटाने सांगता येत नव्हते.

यानंतर पेट्रोल भरण्याची जाड नळी आणि तिच्या शेजारची हवेची बारीक नळी सोडवली. जाड नळी तीस वर्षांत पाइपला इतकी चिकटली होती की ओढल्यास पाइपच वाकला असता, म्हणून तिला पात्याने उभा छेद देऊन ती सोलून काढली. नवी आणलेलीच होती. खरी अडचण टाकीच्या वरच्या बाजूला आहे. इंजिनाकडे जाणारी, परत येणारी आणि वाफेची, अशा तीन नळ्या व फ्लोटची तार वर असतात आणि टाकी जागेवर असताना तिथे हात नीट पोहोचत नाही. त्यामुळे टाकीखाली प्लायवूडचा तुकडा ठेवून जॅकचा आधार दिला, बोल्ट काढले आणि टाकी चार बोटे खाली घेतली. तेवढ्या फटीतून तिन्ही नळ्यांना वेगवेगळ्या रंगांची चिकटपट्टी लावून त्या सोडवल्या. माझा चुलतभाऊ पलीकडून टाकी धरून होता. हे काम एकट्याने करू नये, कारण तळात उरलेले पेट्रोल एका बाजूला गेले की टाकी जॅकवरून कलंडते.

नवी टाकी शेजारी ठेवून जुनीशी ताडून पाहिली. बोल्टची भोके जुळली, पण एका कडेचे भोक किंचित सरकलेले होते. ते गोल कानसीने वाढवले, अर्थात टाकीत पेट्रोल जाण्यापूर्वी आणि सर्व तोंडे बंद करून. आत विजेरी लावली तर कारखान्यातल्या पत्र्याचे बारीक कण दिसले; अर्धा लिटर पेट्रोल टाकून, हलवून, ते फडक्यातून गाळून काढले. बाहेरून दुकानदाराने लावलेला काळा रंग नखाने निघत होता. म्हणून तो खरवडून रेड ऑक्साइडचे दोन हात आणि त्यावर गाडीच्या तळाला लावतात तो रबरी लेप दिला. हे रंगाचे काम आधल्या आठवड्यातच उरकले होते, नाहीतर वाळेपर्यंत गाडी अडकून पडली असती.

गळतीची चाचणी टाकी चढवण्यापूर्वी केली. फ्लोट नव्या पॅकिंगसह बसवला, एक सोडून बाकीची सर्व तोंडे बुचांनी बंद केली आणि उरलेल्या तोंडाला स्वच्छ नळी लावून तोंडाने फुंकले. सांध्यांवर साबणाचे पाणी लावले होते. फ्लोटच्या एका स्क्रूपाशी बुडबुडे आले. पॅकिंगवर मी सवयीने सिलिकॉनचा थर दिला होता आणि तीच चूक ठरली : साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते आणि सुटते. ते पुसून कोरडे पॅकिंग बसवले आणि स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांत थोडे थोडे आवळले, तेव्हा बुडबुडे थांबले. येथे कॉम्प्रेसर लावण्याचा मोह कोणी करू नये, कारण सपाट पत्रा थोड्याशा दाबानेही फुगून वाकडा होतो.

टाकी चढवताना वरच्या नळ्या आधी लावल्या आणि मगच टाकी पूर्ण वर नेली. सर्व नळ्या ‘आर ९’ दर्जाच्या, क्लिपा नव्या आणि फिल्टरही नवा घेतला. गार्ड परत लावताना टाकी व गार्ड यांच्यामध्ये रबराच्या पट्ट्या दिल्या आणि गार्डला पाणी निघून जाण्यासाठी आणखी तीन भोके पाडली. ही भोके अर्थातच गार्ड अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन पाडली. पहिल्या दिवशी फक्त पाच लिटर पेट्रोल टाकले, खाली पुठ्ठा पसरला आणि गाडी रात्रभर तशीच उभी ठेवली. सकाळी पुठ्ठा कोरडा होता. मग टाकी पूर्ण भरली, कारण वरच्या पॅकिंगची गळती अर्ध्या टाकीवर कळतच नाही.

आता एकच अडचण शिल्लक आहे. टाकी भरूनही काटा कधी अर्ध्यावर, कधी शून्यावर जातो.

उद्यमनगरचा
आपला रंग आणि रबरी लेप यांचा हा प्रताप असावा. फ्लोटचा विद्युतमार्ग टाकीच्या पत्र्यातून चासीकडे पूर्ण होतो. आपण टाकीला सर्व बाजूंनी इतका उत्तम रंग दिलात आणि वर रबराच्या पट्ट्याही दिल्यात की तो मार्गच तुटला. टाकीच्या एका बोल्टखाली रंग खरवडून तिथून चासीपर्यंत जाड तार जोडावी आणि जोडावर ग्रीस लावावे. तरीही काटा डळमळला, तर मल्टिमीटरने फ्लोटचा रोध तपासा. फ्लोट हाताने सावकाश वर-खाली करताना रोध सलग बदलला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल तर फ्लोटच्या आतली पट्टी झिजली आहे.

रानजाई
आणखी दोन गोष्टी पडताळून पाहाव्यात. लांबच्या प्रवासात गाडी गचके देऊ लागली आणि टाकीचे झाकण उघडताच ‘फुस्स’ असा आवाज करून हवा आत गेली, तर वाफेची नळी कुठेतरी दुमडली आहे असे समजावे. पेट्रोल ओढले जाते, पण त्याची जागा घ्यायला हवा येत नाही. आमच्या ओळखीतल्या एका जीपची टाकी अशाने चक्क आत चेपली होती. दुसरे म्हणजे, टाकी चतुर्थांश भरलेली असतानाच गाडी पेट्रोल संपल्यासारखी बंद पडली, तर जाणारी आणि परत येणारी नळी अदलाबदल झाली नाही ना, हे पाहावे. परतीच्या नळीचे टोक अनेकदा तळापर्यंत पोहोचत नाही.

सागरगंध
तार जोडल्यावर काटा सुधारला, अगदी भरलेल्या खुणेवर जाऊन बसला. जुन्या टाकीवरही हा मार्ग गंजाने तुटला असणार. साडेअकरा लिटरचे कोडे बहुधा तेच. रानजाईताईंनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी चिपळूणपर्यंत जाऊन येताना तपासल्या, तिथे काही दोष आढळला नाही. फिल्टर मात्र ३०० किलोमीटरनंतर काढला तेव्हा तपकिरी झालेला होता. इथेनॉलने पुढच्या लोखंडी नळीतली जुनी घाण सोडवलेली दिसते. दुसरा नवा फिल्टर लावला आहे.

काढलेल्या साडेअकरा लिटरांचे काय करायचे, हाही प्रश्न होता. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते, पण ते घट्ट झाकणाच्या भांड्यात असावे लागते. धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा आणि काचेचे १ लिटरपेक्षा मोठे चालत नाही. प्लास्टिकच्या डब्यांचा त्यात उल्लेखच नाही. ते पेट्रोल फडक्यातून गाळून थोडे थोडे गाडीतच वापरून संपवले. तळाचा गढूळ पाऊण लिटर मात्र मेकॅनिकच्या टाकाऊ तेलाच्या पिंपात दिला.

जुनी टाकी अजून अंगणात आहे. तिचे काय करावे?

निवृत्त पानेवाला
भंगारवाल्याला तशीच देऊ नका. तो ती घेऊन जाईल आणि तिथे कोणी पोरगा गॅसकटरने कापायला बसेल. आधी साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, मग पाण्याने काठोकाठ भरून आठवडाभर उघडी ठेवा. देताना पाणी ओतून टाका, पण फ्लोटचे मोठे तोंड उघडेच राहू द्या आणि त्याला समोर उभे राहून सांगा की ही पेट्रोलची टाकी आहे, छिन्नीने पोचे पाडून चेप, ज्योत लावू नकोस.

सागरगंध
तसेच केले. काल भंगारवाला आला होता. त्याला सांगितलेच, शिवाय टाकीच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाने ‘पेट्रोल – गॅसकटर लावू नये’ असे ठळक लिहूनही दिले. त्याने वजन केले तेव्हा गंजून गंजून ती नव्या टाकीपेक्षा पावणेदोन किलो हलकी भरली.